कोल्हापुरात हाय-एंड स्पीकर निवडताना: आधी खोली, मग पुणं, मग पैसे

दोन-चार लाखांचे स्पीकर घ्यायचे ठरले की कोल्हापूरकरासमोर पैशापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो: ऐकायचे कुठं? टीव्ही आणि साउंडबार दाखवणारी दुकानं राजारामपुरीत ढीगभर आहेत. पण चार-पाच जोड्या एकाच अॅम्पवर (अॅम्प्लिफायरवर) लावून दोन तास निवांत ऐकू देणारी जागा मिळणं अवघड. मग माणूस पुण्याला जातो, डीलरच्या गालिचे-पॅनेल लावलेल्या खोलीत एका जोडीवर भाळतो आणि ती घरी आणतो. फरशी आणि काचेच्या खिडक्यांच्या हॉलमध्ये तीच जोडी ओरडायला लागते, नाहीतर एखाद्या सुरावर घुमायला लागते. स्पीकर खराब नसतो. तुलना चुकीच्या क्रमानं झालेली असते, एवढंच. खालचा क्रम मी स्वतः पाळतो, आणि मित्रांनाही हाच सांगतो.

टेप घ्या, खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहा आणि ५६५ ला प्रत्येक आकड्यानं भागा. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याच्या निम्मे हे ५६५. जे उत्तर येतं ती त्या दिशेची पहिली घुमणारी कंपनसंख्या. आपल्याकडच्या फ्लॅटमधला हॉल १५ बाय १२, उंची १० फूट धरू. उत्तरं येतात ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ. त्यांच्या दुपटीही धरायच्या: ७५, ९४, ११३. या सुरांवर खोली स्वतःच वाजते, स्पीकर कोणताही लावा.

आता यात आपलं संगीत बसवून बघा. पुरुष गायकाचा षड्ज हार्मोनियमच्या पांढरी दोनला असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार ७३ हर्ट्झला लागते, काळी एकला असेल तर ६९ ला. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास खाली-वर फिरतो. म्हणजे आपण जे सगळ्यात जास्त ऐकतो ते नेमकं १५ फुटी हॉलच्या दुखऱ्या जागांवर येऊन बसतं. इतक्या लहान खोलीत २५-३० हर्ट्झपर्यंत उतरणारा मोठा टॉवर (जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर) आणला तर तो सगळे दुखरे सूर एकदम जागे करतो. माझं मत सरळ आहे: १५ बाय १२ किंवा त्याहून लहान खोली असेल आणि ऐकणं मुख्यतः गायन, नाट्यसंगीत, भावगीत, गझल असेल, तर त्याच पैशात टॉवरऐवजी उत्तम प्रतीचा स्टँडवरचा स्पीकर घ्या. सिनेमासाठी खालचा दणका हवाच असेल तर नंतर सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) जोडता येतो, आणि तो खोलीत हवा तिथं सरकवता येतो. टॉवरमधला वूफर (खालच्या सुरांचा पडदा) आवाजाला जिथं हवा त्या जागेवर जात नाही, टॉवर जिथं शोभतो तिथंच राहतो.

मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतलं जुनं घर असेल, मातीच्या भिंती आणि लाकडी तक्तपोशीचं, तर गोष्ट बरीच वेगळी. तिथं खर्ज, म्हणजे खालचे सूर, भिंती-छतातून थोडा बाहेर निघून जातो आणि घुमणं कमी होतं. अशा घरात थोडा मोठा स्पीकर खपून जातो.

मोजताना आणखी तीन गोष्टी टिपा. तुम्ही बसणार तिथून स्पीकरपर्यंतचं अंतर. स्पीकर मागच्या भिंतीपासून किती पुढं आणता येईल ते, आणि घरातली माणसं खरोखर किती आणू देतील ते. आणि कानाची उंची. या तिसऱ्या गोष्टीत बैठकीचा हिशेब परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ३६ ते ३८ इंचांवर येतो, गादी-लोड टाकून बैठक मारली तर तिसाच्या आसपास. बहुतेक स्पीकरचा ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) कानाच्या पातळीत हवा असतो. तयार मिळणारे स्टँड सोफ्याच्या हिशेबानं बनवलेले. बैठक असेल तर स्टँड बुटका लागेल.

स्टँडवर आयात किमती मोजू नका, असंही सांगून ठेवतो. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडं जा, खाली-वर जाड लोखंडी प्लेट, मध्ये चौकोनी पाइप, तुम्हाला हव्या त्या इंचात करून देतो. पाइपात सुकवलेली, चाळलेली वाळू भरा आणि वरचं भोक बंद करा. टिचकी मारल्यावर टणटण न करता नुसता ठप आवाज आला की काम झालं.

कागदावरचे आकडे कसे वाचायचे

कंपनीच्या माहितीपत्रातले तीन आकडे कामाचे: संवेदनशीलता, इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि खालची मर्यादा (किती खालच्या सुरापर्यंत वाजतो ती). बाकी अर्धी जागा शोभेला असते.

संवेदनशीलता म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. आठ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण चार ओहमला तेच दोन वॉट होतात. त्यामुळं चार ओहमचा ८८ डेसिबलवाला स्पीकर वॉटच्या हिशेबात खरा ८५ चाच.

हा आकडा अॅम्पशी कसा जुळतो ते बघू. तीन मीटरवर बसायचं, आणि तानेच्या किंवा तबल्याच्या टोकाच्या क्षणी ९८ डेसिबल मिळायला हवेत असं धरू. सरासरी आवाज त्याच्या बराच खाली, सुखाच्या पातळीत राहतो. अंतरामुळं आवाज घटतो, दोन स्पीकर आणि भिंती मिळून थोडा भरून काढतात, एकूण पाच डेसिबलची तूट धरली तर पुरते. हार्बेथ पी३ईएसआर ८३.५ डेसिबलचा, त्याला ९० वॉट लागतील. केईएफ एलएस५० मेटा ८५ चा, त्याला साठ-पासष्ट. बॉवर्स अँड विल्किन्स ८०५ डी४ हा ८८ चा, त्याला तीसेक. क्लिप्श हेरेसी ४ चा कंपनीचा आकडा ९९, त्याला अडीच-तीन वॉट! तीन डेसिबलला वॉट दुप्पट, सगळा खेळ एवढ्याच हिशेबाचा. म्हणून व्हॉल्व्हचा आठ-दहा वॉटचा अॅम्प मनात भरला असेल तर पहिल्या तीन जोड्यांवर काट मारा, आणि हेरेसीसारख्या हॉर्नवाल्या (भोंग्याच्या) जोड्या ऐकायला लागा. कंपन्या हा आकडा मोजताना थोडा हात सैल सोडतात, तेव्हा दोन-तीन डेसिबल पदरचे कमी धरा.

इंपीडन्समध्ये नुसतं ८ ओहम वाचून थांबू नका, किमान किती ते शोधा. एलएस५० मेटा ८ ओहमचा म्हणून विकला जातो, पण किमान ३.५ पर्यंत उतरतो. स्वस्त एव्ही रिसीव्हरला (टीव्ही-सिनेमासाठीच्या अॅम्पला) अशा जागी घाम फुटतो.

खालच्या मर्यादेत तर गंमतच असते. त्याच एलएस५० मेटाचा आकडा ±३ डेसिबलला (आवाज तीन डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली न जाता) ७९ हर्ट्झ आहे, आणि उणे ६ डेसिबलला (आवाज सहा डेसिबलनं घटलेला चालवून) ४७ हर्ट्झ. दोन्ही खरे. दुकानदार दुसरा सांगतो, आणि शेजारच्या स्पीकरचा पहिला. तुलना करताना दोघांचा एकाच पद्धतीनं मोजलेला आकडा घ्या. आणि खोकं मोठं म्हणजे खर्ज खोल, असंही नाही: हेरेसी चांगली गुडघ्यापेक्षा उंच पेटी आहे, पण तिची मर्यादा ४८ हर्ट्झला थांबते. पेटी बंद असेल, जशी पी३ईएसआरची, तर खर्ज ऑक्टेव्हला (एका सप्तकाला) १२ डेसिबलनं हळूहळू उतरतो. पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक) असेल तर २४ नं, कडेलोट झाल्यासारखा. भिंतीला खेटून ठेवायची वेळ येणार असेल तर मला बंद पेटी जास्त विश्वासाची वाटते.

स्वतंत्र मोजमापं मिळाली तर ती कंपनीच्या पत्रकापेक्षा शंभर पटीनं बरी. सीटीए-२०३४ नावाच्या पद्धतीत स्पीकरभोवती ७० कोनांतून मोजून आलेख काढतात. त्यात दोन रेषा बघा: समोरून येणारा आवाज किती सपाट आहे, आणि बाजूला जाणारा आवाज त्याच वळणानं हळूहळू खाली उतरतो का. बाजूच्या रेषेला दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा आणि पुढं फुगवटा असेल, तर आपल्या फरशीच्या हॉलमध्ये तो स्पीकर कर्कश वाटण्याची शक्यता मोठी, कारण भिंतीवरून परतणारा आवाज वाकडाच येणार.

यातून तीन-चार नावं उरली पाहिजेत. आठ नावांची यादी घेऊन पुण्याला जाणारा माणूस परत येताना डोकेदुखी घेऊन येतो.

ऐकायला काय न्यायचं

ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले, जिथं देवल क्लब १८८३ पासून गाणं ऐकवतो आहे, तिथल्या श्रोत्यानं स्पीकर तपासायला डीलरचे जाझचे डेमो ट्रॅक ऐकत बसायचं काही कारण नाही. ते ट्रॅक कोणत्याही स्पीकरवर छान वाजतात, म्हणून तर डीलर लावतो. आपल्याला पाठ असलेलं संगीत न्या.

नुसता तानपुरा, दोन मिनिटं. जवारीचा झंकार एकसंध पसरला पाहिजे. सुट्टे काचेचे कण उडाल्यासारखे वाटले तर ट्विटर आणि वूफरचं जुळलेलं नाही. डग्ग्याची मींड असलेला विलंबित ठेका: घुमारा वर सरकताना मध्येच एखादा सूर फुगतो का, एखादा गळून पडतो का. स्त्री गायिकेचं जवळून ध्वनिमुद्रित केलेलं भावगीत: ‘स’, ‘श’, ‘च’ बोचतात का. हार्मोनियम आणि गायन एकत्र: पेटी आवाजाला झाकते, की मागं बसते. हलगीची एखादी चांगली ध्वनिफीत असेल तर जरूर न्या. कडाडून येणारा आणि तितक्याच चटकन थांबणारा तो ठोका स्पीकरचं पितळ लगेच उघडं पाडतो.

एक जुनं मोनो (डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज देणारं) ध्वनिमुद्रणही ठेवा. सुधीर फडक्यांच्या काळातलं कुठलंही चालेल. ते दोन स्पीकरवर लावलं की आवाज बरोबर मधोमध, माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून आला पाहिजे. पसरला किंवा एका बाजूला झुकला तर मांडणी चुकली आहे, नाहीतर जोडीतले दोन स्पीकर एकसारखे नाहीत.

कानही तयार करून न्या. जायच्या आधी आठवडाभरात माइकशिवायची एखादी बैठक गाठा. खरा तबला दहा फुटांवरून कसा लागतो ते ताजं असलं की निम्मे स्पीकर आपोआप बाद होतात. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नका. रात्रभर मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर उभ्या राहिलेल्या कानाला वरचे सूर काही काळ ऐकूच येत नाहीत, आणि तुम्ही सगळ्यात कर्कश जोडी पसंत करून याल. मुंबईला जाणार असाल तर महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून सकाळी थेट डेमोला बसू नका. दुपारची वेळ घ्या.

आवाज सारखा केल्याशिवाय तुलना नाही

अख्ख्या लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या.

दोन स्पीकरपैकी जो एक डेसिबल मोठा वाजतो, तो कानाला मोठा वाटत नाही. तो ‘खुललेला’ वाटतो, ‘तपशील जास्त’ वाटतो. डीलर व्हॉल्यूमचा बटन दहाच्या आकड्यावर ठेवून ८५ डेसिबलची आणि ८८ डेसिबलची जोडी आलटून-पालटून ऐकवतो, तेव्हा दुसरी प्रत्येक वेळी जिंकते. तिचं कौतुक तीन डेसिबलचं असतं.

करायचं असं. फोनमध्ये आवाज मोजायचं अॅप घ्या आणि पिंक नॉइजची (चाचणीसाठीच्या एकसारख्या सरसर आवाजाची) फाइल ठेवा, शक्यतो ५०० ते २००० हर्ट्झपुरती मर्यादित, म्हणजे खोलीच्या खर्जाचा गोंधळ मोजणीत येत नाही. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर फोन धरा. पहिल्या जोडीवर ७५ डेसिबल आणा आणि बटनाची जागा टिपा. दुसऱ्या जोडीवर तोच आकडा आणा, तीही जागा टिपा. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत हवा. फोनचा आकडा खरा ७५ असेलच असं नाही, पण तोच फोन, तीच जागा, तेच अॅप असेल तर दोघांतला फरक बरोबर दिसतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. डीलरला हे विचित्र वाटेल. वाटू दे. चांगला डीलर स्वतःच मीटर काढून देतो. जो कुरकुरतो त्याच्याकडचा चहा पिऊन निघावं.

अॅम्प एकच, गाणं एकच, खुर्ची एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला. ‘या स्पीकरला हा अॅम्प जास्त शोभतो’ म्हणत दोन्ही बदलले की कशाचा फरक ऐकतोय ते देवालाही कळणार नाही.

किती मोठ्यानं ऐकायचं? घरी जितक्या मोठ्यानं ऐकणार तितकंच. हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेखच काढून ठेवले आहेत. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर ६० डेसिबलला ऐकणाऱ्यानं दुकानात ८५ ला निवड केली, तर घरी आल्यावर ‘स्पीकर पोकळ वाटतो’ ही तक्रार ठरलेली.

नाव झाकून ऐका

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमन कंपनीत एक प्रयोग मांडला होता. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसू लागल्यावर पसंती बदलली: मोठ्या, देखण्या, नावाजलेल्या पेट्यांना जास्त गुण गेले. ही माणसं त्याच क्षेत्रात काम करणारी होती, हे विशेष. आपण वेगळे आहोत असं समजायचं कारण नाही. अक्रोडी लाकडाचा पत्रा आवाजात मिसळतोच.

दोन जोड्या घरी ट्रायलला मिळाल्या तर हे सहज जमतं. दोन जोड्यांतला एकेक स्पीकर शेजारी ठेवा, पुढं पातळ सुती कापड टांगा, आणि भाच्याला अदलाबदलीला बसवा. दोन्ही जोड्या पूर्ण लावायची गरज नाही. एकेका स्पीकरवर, मोनोत, दोष जास्त स्पष्ट कळतात, हेही टूल यांच्याच प्रयोगांतून पुढं आलं. स्टीरिओची रुंदी बरेच दोष पोटात घालते. अर्ध्यावर दोघांच्या जागा बदला, नाहीतर जागेचा गुण स्पीकरच्या नावावर जमा होईल. कागदावर लिहा, पण ‘छान’ लिहू नका. ‘स बोचतो’, ‘डग्गा खालच्या सुरावर फुगतो’, ‘हार्मोनियम पुढं येते’ असं लिहा.

घरी ट्रायल मागा, आणि मग खोलीशी झटा

रक्कम मोठी असेल तर ठेव घेऊन आठवडाभर स्पीकर देणारे डीलर असतात. न्यायचं-आणायचं भाडं तुमचं. पुणं इथून साधारण २३० किलोमीटर. एवढं भाडं चुकीच्या खरेदीच्या तुलनेत काहीच नाही.

घरी लावल्यावर सुरुवात अशी करा: दोन स्पीकर आणि तुम्ही, तिन्ही बाजू सारख्या. तुमचं डोकं मागच्या भिंतीला टेकलेलं नको, भिंतीजवळ खर्ज साठतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर १४० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतणारी लाट उलटी येऊन मिळते. चार-चार इंच पुढं-मागं सरकवून तोच डग्ग्याचा ठेका ऐका. जमिनीवर खडूनं खुणा करा. फरशीवर खडू पुसता येतो, एवढा तरी त्या फरशीचा फायदा.

बाजूच्या भिंतीवर कुणालातरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की ती परतणाऱ्या आवाजाची जागा. तिथं पुस्तकांचं कपाट, नाहीतर दुहेरी घडीची वाकळ लावा. खाली घोंगडं अंथरलं तरी हॉलचा झणझणीतपणा बराच उतरतो. पण कापडानं खर्ज आवरत नाही. १०० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्साच पावणेतीन फूट होतो, तिथं वाकळ काय करणार. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल तर वेळेचा अपव्यय आहे. गादीवाल्याकडून चार-सहा इंच जाडीचे, आत घट्ट पिंजलेला कापूस किंवा रॉकवूल भरलेले उभे पॅनेल शिवून घेऊन कोपऱ्यांत ठेवले तर थोडा फरक पडतो. पुढचं काम सॉफ्टवेअरचं: यूमिक-१ सारखा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम घेऊन खोलीचा आलेख काढा, आणि जे शिखर फुगलंय तेवढंच इक्वलायझरनं (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) कापा. खड्डे भरायला जाऊ नका, अॅम्प दमतो आणि खड्डा तसाच राहतो.

वायरचा विषय दोन वाक्यांत. चार मीटरसाठी अडीच स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरेशी आहे. उरलेले पैसे स्टँडला आणि पॅनेलला लावा. अर्थिंग मात्र तपासून घ्या, आणि मेमधला वळीव गडगडायला लागला की प्लग काढून ठेवा.

जुनी जोडी घेताना

सेकंडहँडमध्ये खरी मौज आहे, अर्ध्या किमतीत वरच्या दर्जाचं मिळतं. पण आपल्या भागात एक तपासणी जास्तीची लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकडच्या वसाहतींत घरांत पाणी शिरलं होतं. पेटी उलटी करून तळ बघा. एमडीएफला (पेटीच्या दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीला) पाणी लागलं की कडा फुगते, वरचा लाकडी पत्रा सुटतो, आणि नुसतं पॉलिश मारून ते लपवलेलं असतं. वूफरच्या कडेची फोमची पट्टी पंधरा-वीस वर्षांत कुजून चुरा होते. रबराची असेल तर बरंच जास्त टिकते. दोन्ही स्पीकरचे सिरीयल नंबर जोडीचे आहेत का बघा. मग तेच मोनो गाणं लावून एकदा डावा, एकदा उजवा ऐका. एकाचा ट्विटर बदललेला असेल तर इथंच कळतं.

नवी जोडी घेतलीत तर पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि भारतातली वॉरंटी कोण देणार ते खरेदीआधी विचारा. परदेशातून सामानात आणलेल्या जोडीला इथला वितरक बहुधा हात लावत नाही. आणि खोकी, थर्माकोलचे साचे, पिशव्या, सगळं माळ्यावर टाकून ठेवा. पुढं कधी ट्विटर बदलायला पाठवायची वेळ आली, तर ट्रान्सपोर्टवाला त्या साच्यांशिवाय जबाबदारी घेत नाही.